संशोधनाचा जमाखर्च



वैशाखाच्या दिवसांत वऱ्हाडातला मनुष्य सूर्य मावळल्यावर अंगणात पाणी शिंपडतो, खाट टाकतो, आणि मग कोणी बोलावले तरी उठत नाही. आपण उठून येथे आलात. आणि तेही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना पैसा मागावयास व खर्चावयास शिकवावे, असल्या रुक्ष विषयासाठी. म्हणून आधी आपले आभार मानतो. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी मला राजकमल चौकात गाठले आणि विचारले, "काय सर, आता विज्ञानाच्या पोरांना वर्गणी मागण्याचे शिक्षण देता काय?" मी म्हटले, "होय. आणि वर्गणीचा हिशेब देण्याचेही." ते हसले आणि पुढे गेले. परंतु त्यांच्या हसण्यात एक समजूत होती, आणि ती आपल्यापैकी पुष्कळांची आहे. शास्त्रज्ञाने विचार करावा, प्रयोग करावा. पैशाचे पाहावयास कारकून आहेत, लेखापाल आहेत, अशी ती समजूत. मी रसायनशास्त्राचा शिक्षक. पस्तीस वर्षे महाविद्यालयात काढली आणि त्यांपैकी पहिली बरीच वर्षे मी ह्याच समजुतीत होतो. तिची किंमत काय पडली आणि ती कोणी दिली, हे आज सांगणार आहे. परंतु आधी एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो.

ही मुलगी दर्यापूरकडची. घरी कोरडवाहू शेती. एम.एस्सी. उत्तम रीतीने पास होऊन माझ्याकडे पीएच.डी.साठी आली तेव्हा विषय घेऊनच आली होती : खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी. आपणांपैकी जे अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, भातकुलीकडचे असतील त्यांना खारपाण म्हणजे काय हे मी सांगावयाची गरज नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी दोन शब्द सांगतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा आहे. माती काळी, खोल, पाहून कोणाही शेतकऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे अशी. पण जमिनीखालचे पाणी खारट. ते पिकाला दिले तर त्यातील सोडियम मातीला चिकटते, माती वाळली की दगडासारखी होते आणि पुढच्या पावसाचे पाणी आत मुरत नाही. विहीर आहे, विहिरीत पाणी आहे, आणि शेत कोरडवाहू आहे, अशी ही अवस्था.

मी तिला म्हटले, "विषय चांगला आहे. खर्च किती येईल ते लिहून आण." दुसऱ्या दिवशी तिने कागद आणला. त्यावर लिहिले होते : रसायने ५०,००० रुपये, प्रवास १०,००० रुपये, इतर ४०,००० रुपये, एकूण १,००,००० रुपये. मी विचारले, "हे आकडे कोठून आणलेस?" ती म्हणाली, "सर, मागच्या एका प्रस्तावात असेच होते." आता पाहा, ह्याच मुलीला मी ब्युरेट हातात दिली असती तर तिने शून्य पूर्णांक पाच शतांश मिलिलिटरची चूक खपवून घेतली नसती, एकाच नमुन्याचे तीन वेळा अनुमापन केले असते. पैशाच्या बाबतीत मात्र चाळीस हजार रुपये 'इतर' ह्या एका शब्दात घालून ती मोकळी झाली होती. दोष तिचा नव्हता. सतरा वर्षांच्या शिक्षणात तिला कोणी असा कागद लिहावयास सांगितलाच नव्हता.

मग आम्ही दोघे बसलो. विहिरी किती? ती म्हणाली, चाळीस. नमुने केव्हा घ्यावयाचे? पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात, अशी दोन वर्षे. म्हणजे एकशे साठ नमुने. प्रत्येकाची जोडी धरली तर तीनशे वीस बाटल्या. जावयाचे कसे? एस.टी.ने. एस.टी.ने एका दिवसात किती गावे होतील? येथे ती थांबली. त्या भागातली गाडी सकाळी जाते आणि संध्याकाळी येते हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दोन गावे फार झाली. म्हणजे एका फेरीला वीस दिवस, आणि पहिल्या दिवशीचे पाणी तपासणीला येईतो शिळे. पाण्यातील बायकार्बोनेट बाटलीत फार दिवस जसेच्या तसे राहत नाही. ते शक्य तितक्या लवकर मोजावे लागते. हे तिला पुस्तकातून ठाऊक होते, परंतु एस.टी.च्या वेळापत्रकाशी त्याची गाठ पडली नव्हती. तेव्हा भाड्याची जीप धरली. दिवसाला ३,००० रुपये, दिवसात सहा विहिरी. चाळीसच्या तीस विहिरी केल्या, म्हणजे एका फेरीला पाच दिवस आणि चार फेऱ्यांचे ६०,००० रुपये. रसायने आणि काचसामान खरोखर मोजले तर १८,५०० रुपयांत भागत होते. बाटल्या ३,६००. जाग्यावर क्षारता पाहण्यासाठी हातात धरावयाचा मीटर १२,०००. दहांतला एक नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेकडून पडताळून घ्यावयाचा, त्याचे ९,६००. आणि शेवटी ज्या गावांचे पाणी नेले त्या गावांत जाऊन निकाल सांगावयाचा, त्याच्या छपाईचे व चहापाण्याचे ४,०००. एकूण १,०७,७००.

बेरीज पहिल्या कागदाच्या जवळपासच आली. आतले सगळे निराळे झाले. परंतु मला जे आपल्यापुढे मांडावयाचे आहे ते पुढेच आहे. खर्च लिहिता लिहिता तिचा प्रयोग बदलला. विहिरींची संख्या बदलली, नमुना केव्हा तपासावयाचा ते बदलले, कोणती मोजणी शेतात आणि कोणती प्रयोगशाळेत हे ठरले. अंदाजपत्रक हा प्रयोगानंतर जोडावयाचा कागद आहे असे आपण मानतो. ते मुळात प्रयोगाची मांडणीच आहे. फक्त ती रुपयांच्या भाषेत लिहिलेली आहे. म्हणून ते कारकुनावर सोपविता येत नाही. कारकुनाला बायकार्बोनेट ठाऊक नसते.

पुढे मंजूर झाले ते ७०,००० रुपये. असे नेहमीच होते. मागाल तितके कोणी देत नाही. आता कोठे कापावयाचे? तिने पहिली रेघ मारली ती पडताळणीवर आणि दुसरी गावातल्या बैठकांवर. कोणीही विद्यार्थी हेच करील, कारण ह्या दोन गोष्टी गेल्या तरी प्रबंध अडत नाही. मी म्हटले, "ह्या दोन सोडून काहीही काप." विहिरी वीस झाल्या, जवळजवळच्या निवडून तीन दिवसांत फेरी बसविली, मीटर शेजारच्या विभागाकडून उसना आणला, आणि ते दोन्ही खर्च राहिले.

हा माझा आग्रह का होता, ते पहिल्याच फेरीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तिला ऐकविले. विहिरीच्या काठाशी तो नुसता उभा राहून पाहत होता. बाटली भरून झाल्यावर म्हणाला, "पोरी, बाटल्या भरून नेनारे तुह्या आदी पाच झाले. सांगाले कोनी वापस नाही आलं." ती काही बोलली नाही. जीपमध्ये बसल्यावर तिने वही काढून 'गावातील बैठक' ह्या ओळीखाली रेघ ओढली.

आता ह्या म्हाताऱ्याचा हक्क काय, असे कोणी विचारील. पैसे काय त्याने दिले होते? हो, त्यानेच दिले होते. आणि हे मी भाषणातले वाक्य म्हणून सांगत नाही. ह्या वऱ्हाडात ही गोष्ट एकेकाळी कायद्याने लिहिलेली होती. १९१७ साली नेमलेल्या कापूस समितीच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, आणि तिच्या खर्चासाठी १९२३ साली कापूस उपकराचा कायदा झाला. हिंदुस्थानात पिकलेल्या आणि गिरणीत वापरल्या गेलेल्या किंवा बंदरातून बाहेर गेलेल्या कापसाच्या चारशे पौंडांच्या दर गाठीमागे दोन आणे. पहिली तीन वर्षे चार आणे. उपकर भरी गिरणीवाला किंवा निर्यात करणारा. परंतु व्यापारी दोन आणे कोठून वळते करून घेतो हे अमरावती-अकोल्याच्या माणसाला मी समजावून सांगणे म्हणजे लोहाराला ऐरण दाखविणे आहे. एक लाख गाठींमागे ह्या दोन आण्यांचे होतात १२,५०० रुपये. अशा दोन दोन आण्यांतून १९२४ साली माटुंग्याला कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा निघाली. त्याच वर्षी इंदूरची वनस्पति-संशोधन संस्था निघाली, तीत ह्या समितीबरोबर मध्य भारतातील संस्थानांचाही पैसा होता. प्रांतोप्रांतीच्या शेतकी खात्यांना ठरावीक मुदतीच्या योजना मिळाल्या. आणि तरुण पदवीधरांना संशोधनासाठी शिष्यवृत्त्याही मिळाल्या.

ह्या समितीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट तिची बैठक. तेथे शेतकी खात्याचे अधिकारी होते, तसेच कापूस पिकविणारे, जिनिंगवाले, व्यापारी आणि सूत काढणारे गिरणीवालेही होते. संशोधकाला आपला अहवाल ह्या सर्वांपुढे ठेवावा लागे. त्याची गरजही होती. वऱ्हाडात त्या काळी रोझियम नावाचा देशी कापूस फार पसरला होता. धागा आखूड आणि जाडा. पण रुईचा उतारा चांगला, म्हणून शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे जास्त पडत. शास्त्रज्ञाला लांब धाग्याचा ध्यास, गिरणीला लांब धाग्याची गरज, आणि शेतकरी विचारी, उतारा किती? तिघे एका टेबलाशी बसल्याशिवाय हा प्रश्न नीट मांडलासुद्धा गेला नसता. इंदूरच्याच संस्थेत विनायक गोविंद पानसे ह्यांनी कापसाच्या प्रयोगांचे संख्याशास्त्र बसविले. वाफे किती, पुनरावृत्ती किती, किती फरक दिसला तर तो खरा मानावयाचा, हे पेरणीआधी ठरले पाहिजे हा त्यांच्या शास्त्राचा गाभा. पुढे १९५४ साली त्यांनी आणि पां. वा. सुखात्मे ह्यांनी मिळून शेतकी संशोधकांसाठी जे संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले, ते कृषि महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले. वाफे आधी मोजावे हे आपण शिकविले. वाफ्यांचे पैसे आधी मोजावे हे मात्र शिकविले नाही.

१९६६ साली ती समिती बंद झाली आणि तिचे काम भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे गेले. अकोल्यास १९६९ साली कृषि विद्यापीठ झाले आणि पुढे ते डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आज संशोधनाचा पैसा सरकारच्या सामान्य तिजोरीतून येतो. तोही आपलाच, परंतु गाठीवरचे दोन आणे डोळ्यांना दिसत होते, हे दिसत नाहीत. म्हणून देणाराही विचारीत नाही आणि घेणाराही सांगत नाही.

पंजाबरावांचे नाव आले म्हणून सांगतो. पापळच्या ह्या मुलाला विलायतेस पाठविण्यासाठी वडिलांनी शेतीवर कर्ज काढले. तो ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन परतला आणि पुढे देशाचा कृषिमंत्री झाला. गहाण पडलेले शेत ही ह्या भागातल्या पीएच.डी.ची सर्वांत जुनी ग्रँट आहे. तिच्यासाठी प्रस्ताव लिहावा लागत नाही, उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागत नाही. पण तिचा हप्ता चुकला तर घर जाते.

आता माझी स्वतःची चूक. पुष्कळ वर्षांपूर्वी माझा पहिला मोठा प्रकल्प मंजूर झाला. संस्थेचे आणि निधीचे नाव घेत नाही. दोष त्यांच्यापेक्षा माझा अधिक होता. तीन वर्षांचे काम, आणि पहिला हप्ता आला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. एकतीस मार्चच्या आत तो खर्च दाखवावयाचा. मी काय केले? सर्वांत मोठी रक्कम ज्या यंत्राची होती ते घाईने मागविले. यंत्र आले. त्याला स्थिर दाबाची वीज हवी होती, गार खोली हवी होती. ते भारनियमनाचे दिवस. खोली नव्हती, स्टॅबिलायझर अंदाजपत्रकात धरला नव्हता, आणि यंत्राची पेटी चौदा महिने जशीच्या तशी आमच्या व्हरांड्यात उभी होती. विद्यार्थी तिच्यावर डबे ठेवून जेवत.

ते एक वेळ चालले असते. परंतु दुसरा हप्ता यावयाचा तर पहिल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र जावे लागते, आणि ते हिशेब तपासल्याखेरीज मिळत नाही. माझ्या पावत्या एका जुन्या लखोट्यात कोंबलेल्या. काही दुसऱ्याच खात्यात मिसळलेल्या. खात्यावर जमलेले व्याजसुद्धा सरकारला परत करावयाचे असते हे मला हिशेब तपासनिसांनी सांगितले तेव्हा कळले. ह्या गोंधळात आठ महिने गेले. प्रकल्पावर एक साहाय्यक होता, शेतकऱ्याचा मुलगा, हाताने फार कुशल. त्याचा पगार दुसऱ्या हप्त्यात होता. पाच महिने तो बिनपगारी आला. सहाव्या महिन्यात पुण्याला औषध कंपनीच्या विक्रीची नोकरी धरून निघून गेला. जाताना पाया पडला; तक्रारीचा एक शब्द बोलला नाही. त्याने पीएच.डी. केली नाही. त्या वर्षीच्या पावसाळ्याची निरीक्षणे घेतली गेली नाहीत ते सोडा, पुढचा पावसाळा आला. तो मुलगा काही परत आला नाही. माझ्या रसायनशास्त्रात कोठेही चूक नव्हती. चूक कॅशबुकात होती.

वेळेचे हे गणित आपल्याकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकविलेले नाही. मृग लागण्याआधी बियाणे घरात असले पाहिजे, हे त्याला कळते. जुन्या कापूस व्यापाऱ्याचे हिशेबाचे वर्षही दिवाळीला सुरू होई, आणि नवा कापूसही त्याच सुमारास बाजारात येई. वही आणि पीक एका तालावर चालत. सरकारी वर्ष मार्चअखेर संपते. पिकाचा, पावसाचा, विहिरीच्या पाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. ते आपल्या विद्यार्थ्याला बदलता येणार नाही. परंतु ते आहे हे ठाऊक असेल तर तो मे महिन्याचे पैसे एप्रिलात मागणार नाही, आदल्या ऑगस्टात मागील. करांचेही तसेच. सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर पाच टक्के जी.एस.टी.ची सवलत होती; ती जुलै २०२२ मध्ये गेली आणि पुष्कळ उपकरणांना अठरा टक्के लागू झाले. पाच लाखांच्या यंत्रामागे हा फरक ६५,००० रुपयांचा आहे. ज्यांचे प्रस्ताव आधी मंजूर झाले होते त्यांनी हे कोठून आणावयाचे? ज्याने थोडी वाव ठेवली होती तो तरला.

विद्यापीठे हे का शिकवीत नाहीत? नियमांत अडथळा आहे असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला निदान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यात संशोधनपद्धती आहे. २०१९ पासून संशोधन व प्रकाशनातील नीतीही आहे. शिकवावे कसे ह्याचाही अनुभव त्याने घ्यावयाचा आहे. हे सारे योग्यच आहे. परंतु प्रस्ताव लिहिणे, माणसे नेमणे, खरेदी करणे, हिशेब देणे ह्यांची सक्ती कोठे नाही. विद्यापीठाला वाटले तर ठेवता येते. आणि मग हाच विद्यार्थी प्राध्यापक म्हणून रुजू झाला की पहिल्याच वर्षी त्याला विचारतात, "तुम्ही किती प्रकल्प आणले?" पोहणे न शिकविता तिसऱ्या मजल्यावरून विहिरीत उडी मारावयास सांगण्यासारखे हे आहे. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत दुसऱ्या वर्षाच्या सुमारास पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची जी परीक्षा होते, तीत त्याने स्वतः एक संशोधन-प्रस्ताव निधी देणाऱ्या संस्थेच्या नमुन्यात लिहावयाचा आणि परीक्षकांपुढे त्याचा बचाव करावयाचा असतो. पैसे मिळोत न मिळोत. प्रश्न झेलावयाची सवय होते, आणि नकार पचवावयाचीही. आपल्याकडे पहिला नकार पस्तिसाव्या वर्षी येतो आणि तो अपमान वाटतो.

देशात पैसा नाही असेही म्हणता येत नाही. कमी आहे, एकूण उत्पन्नाच्या एक टक्काही आपण संशोधनावर खर्चीत नाही. तरी २०२३ साली संसदेने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा केला, आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट सांगितले; त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून यावयाचा आहे. तो येईल तेव्हा खरा. परंतु जेवढा येतो तेवढ्यातलाही लहान गावच्या विद्यापीठांपर्यंत थोडाच पोहोचतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आडात थोडे आहे. पोहरा सोडावयाचा कसा हे आमच्या मुलांना शिकविलेले नाही. परिणाम असा की खारपाणावर, बोंडअळीवर, संत्र्याच्या झाडावर काय संशोधन व्हावे हे दूर बसलेले लोक ठरवितात, आणि आमची मुले त्यांना नमुने पाठवितात.

ह्यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. एक असा की पैशाच्या नादाने शास्त्रज्ञाचे मन भ्रष्ट होईल. ह्याचे उत्तर आपल्या विद्यापीठाच्या दारावर लिहिलेले आहे. ज्यांचे नाव आपण त्या विद्यापीठाला दिले त्या गाडगेबाबांनी लोकांकडून मागून नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतःसाठी खापर आणि चिंध्यांपलीकडे काही ठेवले नाही. पैसा मागण्यात कमीपणा असता तर तो बाबांना आला असता.

दुसरा आक्षेप मला खरा वाटतो. जो पैसा मागावयास शिकतो तो हळूहळू ज्याला पैसा मिळतो असाच विषय निवडू लागतो. कीटकनाशक विकणारी कंपनी पैसे देईल. कीटकनाशकाने शेतमजुराला काय होते हे पाहावयास ती देईलच असे नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. हा धोका शिकविल्याने जाईल असे मी म्हणत नाही; काही विद्यार्थी प्रस्ताव लिहिण्यातच पटाईत होतील आणि प्रयोगशाळेत दिसणार नाहीत, तेही होईल. एवढेच म्हणतो की ज्याला आपल्या प्रयोगाचा खरा खर्च ठाऊक आहे त्यालाच "इतक्या पैशात हे होणार नाही" किंवा "ह्या अटीवर मला नको" असे म्हणता येते. ज्याला ठाऊक नाही तो मिळेल ते घेतो.

तर शिकवावयाचे कसे? व्याख्याने देऊन नव्हे; मी आज देतो आहे ते पुरे. एका सत्रात विद्यार्थ्याने आधी एक जुना, पुरा झालेला प्रकल्प वाचावा. प्रस्ताव आणि शेवटचा हिशेब शेजारी ठेवून. काय मागितले आणि काय झाले ह्यांतले अंतर पाहिले की अर्धे शिक्षण होते. मग आपल्याच विषयावर तीन पानांचा प्रस्ताव लिहावा आणि तिघांपुढे उभे राहावे : एक त्या शास्त्राचा जाणकार, एक हिशेब कळणारा, आणि एक ज्याला त्या संशोधनाचा उपयोग व्हावयाचा असा. कापूस समितीचे टेबल, लहान आकारात. ह्यांतला तिसरा मनुष्य सर्वांत अवघड प्रश्न विचारतो असा माझा अनुभव आहे. आणि शेवटी त्याच्या हातात खरे पैसे द्यावेत; दहा हजार रुपये, फार नकोत. कोटेशन घेणे, पावती ठेवणे, कॅशबुक लिहिणे, मदतनिसाचा रोज वेळेवर देणे, उरले ते परत करणे, हे सारे दहा हजारांत शिकता येते आणि चुकले तर कोणाचे आयुष्य जात नाही. वीस विद्यार्थ्यांचे दोन लाख रुपये होतात. विदर्भात ह्याहून मोठी मने झाली आहेत, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांच्या देणगीतून १९४२ साली नागपूरला तंत्रशास्त्राची संस्था उभी राहिली. मी तेवढे मागत नाही.

त्या मुलीचे काय झाले ते राहिले. गेल्या हिवाळ्यात ती आणि मी त्या गावी बैठकीला गेलो. देवळाच्या ओट्यावर तीसेक माणसे जमली होती. तिने प्रत्येक विहिरीचा निकाल मराठीत छापून आणला होता : ह्या पाण्याने संरक्षित ओलीत एखादे वेळी चालेल, ह्याने मुळीच नाही. तो म्हातारा पुढेच बसला होता. त्याची विहीर 'मुळीच नाही'तली निघाली. त्याने कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाला, "हे तं मले ठाऊकच होतं. पन मंग शेततळ्याचं पानी किती दिस गोडं राह्यते, हे कोन पाह्यलं काय?" कोणी पाहिले नव्हते, निदान त्या गावात तरी. परतताना जीपमध्ये तिने वहीत नवे पान काढले आणि तीन शेततळी, बारा महिने, महिन्यातून एक फेरी, असे लिहून पुढे जीपचे भाडे मांडावयास लागली.

त्या प्रस्तावाची सुनावणी जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी आमच्या विभागात ठेवली आहे, आणि आणखी चार विद्यार्थ्यांची तिच्याबरोबर. शास्त्राचा जाणकार मी मिळविला आहे. हिशेब कळणारे दोन आणि शेती करणारे दोन असे चौघे पाहिजेत. सभागृहात सी.ए. मंडळी बसलेली मला दिसत आहेत. सहकारी बँकेतून निवृत्त झालेलेही दोघे-तिघे ओळखीचे आहेत. ज्यांना येणे जमेल त्यांनी आपली नावे सभा संपल्यावर चिटणिसांकडे द्यावीत. चहाची व्यवस्था आहे, मानधनाची नाही. ती अंदाजपत्रकात धरावयाची राहून गेली.